लखनौला बदली आणि आठवीचं बीजगणित

रेल्वे, लष्कर, बँका आणि केंद्रीय संशोधन संस्था यांतल्या नोकऱ्यांमुळे महाराष्ट्रातून लखनौला जाणारी मराठी कुटुंबं नेहमीच असतात. मानकनगरला रेल्वेची आरडीएसओ आहे, छावणीत लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालय आहे, औषधसंशोधन करणारी सीडीआरआय आहे. घर, गॅस, शाळाप्रवेश ही धावपळ संपते, जुलैत शाळा सुरू होते आणि आठवड्याभरात सातवी-आठवीतलं मूल गणिताची वही पुढे करून सांगतं, की इथे हे आधीच शिकवून झालंय.

अशा घरांसाठी हा लेख आहे. या वर्षात बीजगणिताचं नेमकं काय शिकवलं जातं, महाराष्ट्रातून आलेलं मूल कुठे मागे पडतं, कुठे पुढे असतं आणि घरी रोज अर्ध्या तासात काय करता येतं, ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच देऊन ठेवतो: मुलाच्या वहीतलं उत्तर बघू नका, ओळी बघा. ज्यांनी दहावीनंतर बीजगणिताला हात लावलेला नाही अशा आईवडिलांनाही ते जमतं. कसं, ते पुढे येईलच.

आधी शाळेच्या वर्षाचं बोलू. आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते, उत्तर प्रदेशात नवं सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं. मेच्या उत्तरार्धात उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जुलैच्या सुरुवातीला शाळा पुन्हा भरते. म्हणजे जूनमध्ये लखनौला पोचलेल्या मुलाचे शिकवण्याचे सहा-सात आठवडे आधीच निघून गेलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सहामाही, तिला तिकडे 'हाफ इयरली' म्हणतात. जानेवारीत थंडी आणि धुकं वाढलं की जिल्हाधिकारी शाळा बंद ठेवायचा आदेश काढतात, आणि नेमके तेच दिवस वार्षिक परीक्षेच्या तोंडावरचे असतात. कागदावर वर्ष बारा महिन्यांचं असलं तरी बीजगणित खऱ्या अर्थानं शिकायचे महिने जुलै ते डिसेंबर. नवीन शाळेत गेल्यावर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांकडून एप्रिल-मेमध्ये झालेल्या प्रकरणांची नावं लिहून घ्या आणि वर्गातल्या एखाद्या मुलाची वही दोन दिवसांसाठी मागून आणा.

आता प्रकरणांचा क्रम. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात घातांक आणि घनमूळ, मग विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, चलन अशी चढण पहिल्या भागात आहे. बहुपदींचा भागाकार आणि एकचल समीकरणे दुसऱ्या भागात, म्हणजे दिवाळीनंतर. केंद्रीय विद्यालय किंवा सीबीएसईच्या शाळेत सहावीला २०२४ पासून आणि सातवी-आठवीला २०२५ पासून 'गणित प्रकाश' ही नवी पुस्तकं आली आहेत. त्यांची रीत वेगळी आहे. अक्षर म्हणजे संख्याच, हे सातवीत पक्कं करून घेतात, समीकरणांची ओळखही तिथेच होते, आणि आठवीत वितरणाच्या गुणधर्माला, म्हणजे कंस सोडवण्याच्या नियमाला, अख्खं प्रकरण दिलेलं आहे. सूत्र आधी सांगून उदाहरणं सोडवायला लावण्याऐवजी आकृतिबंध दाखवून सूत्र मुलांकडून काढून घ्यायचं, असा या पुस्तकांचा कल आहे. बालभारतीची सवय असलेल्या मुलाला सुरुवातीला 'यात सोडवायचं काय?' असा प्रश्न पडतो. तो पडू द्या.

लखनौमध्ये आयसीएसईच्या शाळाही पुष्कळ आहेत. १८४५ साली सुरू झालेलं ला मार्टिनियर आणि १९५९ साली सुरू झालेली सिटी माँटेसरी स्कूल ही त्यांतली दोन ठळक नावं. या मंडळाच्या शाळा माध्यमिकपूर्व वर्गांसाठी खासगी प्रकाशकांची पुस्तकं निवडतात, त्यामुळे क्रम शाळेगणिक बदलतो. ही पुस्तकं जाड असतात, सरावाची उदाहरणं भरपूर असतात आणि असमीकरणं, म्हणजे लहान-मोठेपणाच्या चिन्हांची उदाहरणं, बहुतेक पुस्तकांत आठवीतच येतात. बालभारतीच्या मुलाला हा भाग कोरा असतो. तो वेगळा शिकवावा लागेल, पण समीकरणं येत असतील तर आठवड्याभराचं काम आहे. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं, एवढी एकच गोष्ट नवी.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर महाराष्ट्रातून आठवी पूर्ण करून गेलेलं मूल काही बाबतींत पुढेही असतं. बालभारतीत आठवीलाच (अ + ब)³ चा विस्तार आणि अ³ + ब³ चे अवयव शिकवून होतात, सीबीएसईकडे ते नववीचं काम मानलं जात आलं आहे. हे मुलाला जरूर सांगा. नव्या गावात, नव्या भाषेत आपण मागेच आहोत असं वाटणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला, अमुक भाग तुला येतो आणि वर्गाला अजून यायचाय, हे कळणं फार मोलाचं असतं.

भाषेची धास्ती मात्र घेऊ नका. इंग्रजी माध्यमात गेलात तर पंधरा-वीस शब्दांचा प्रश्न आहे, हिंदी माध्यमात तितक्याच शब्दांचा. छेदाला तिथे हर म्हणतात, अपूर्णांकाला भिन्न, चलाला चर, सहगुणकाला गुणांक, बैजिक राशीला बीजीय व्यंजक, मूळ संख्येला अभाज्य संख्या, आणि अवयव पाडणं म्हणजे गुणनखंड करणं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करून लिहायला सांगा. महिन्याभरात त्या पानाची गरज उरत नाही.

खरी अडचण भाषेची नसते. ती असते बरोबरच्या चिन्हाची, उण्याच्या चिन्हाची आणि कंसाची.

पाचवीपर्यंत मुलाला बरोबरचं चिन्ह 'पुढे उत्तर लिही' अशी आज्ञा वाटत असतं. म्हणून ते ५ + ३ = ८ × २ = १६ असं बिनदिक्कत लिहितं. दुकानाचा हिशेब करताना आपण मोठी माणसंही असंच लिहितो. पण या ओळीचा अर्थ पाच अधिक तीन म्हणजे सोळा असा होतो. बीजगणितात बरोबरच्या दोन्ही बाजूंना एकच संख्या दोन वेगळ्या कपड्यांत उभी असते आणि एका बाजूला जे करू ते दुसऱ्या बाजूलाही करावंच लागतं. हे समजलं नाही तर पुढचं सगळं घोकंपट्टीवर जातं.

इथेच एका सवयीबद्दल माझं ठाम मत सांगतो. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य आपल्या शाळांत चालतं, लखनौच्या शाळांतही 'इधर से उधर गया तो साइन बदल गया' या रूपात चालतं. वेगानं सोडवायला ते सोयीचं आहे, पण सुरुवातीच्या दोन महिन्यांत त्याला घरात बंदी घाला. कारण हेच वाक्य पाठ झालेलं मूल ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहितं, किंवा १२ ला उणे तीननं भागतं. (वहीत अर्थात इंग्रजी अक्षर असेल, मी इथे क्ष लिहितो आहे.) त्याऐवजी प्रत्येक ओळीच्या उजवीकडे, समासात, 'दोन्ही बाजूंना ३ ने भागले', 'दोन्ही बाजूंतून ७ वजा केले' असं लिहायला लावा. कंटाळवाणं आहे, मूल कुरकुर करेल. ऑगस्टअखेर ते आपोआप सुटलं तरी हरकत नाही, तोवर अर्थ बसलेला असतो.

अक्षराबद्दलही एक गैरसमज लवकर घालवावा लागतो. ३क म्हणजे तीन केळी नव्हेत. क ही एका केळ्याची किंमत, वजन, जी काही संख्या ठरवली असेल ती, आणि ३क म्हणजे त्या संख्येची तिप्पट. अक्षर म्हणजे वस्तू असं मनात बसलं की ५क + ३प ची बेरीज मूल ८कप करून मोकळं होतं. म्हणून शाब्दिक उदाहरणाची पहिली ओळ नेहमी 'समजा, एका पेटीची किंमत क्ष रुपये' अशी पूर्ण वाक्यात हवी. नुसतं 'समजा क्ष' लिहिलं असेल तर पुढे जाऊ देऊ नका.

आता वहीतल्या ओळी वाचायची युक्ती. आठवीच्या वह्यांत हमखास दिसणारी चूक घेऊ. मुलानं असं सोडवलं आहे:

५ − २(क्ष − ३) = १
५ − २क्ष − ६ = १
−१ − २क्ष = १
−२क्ष = २
क्ष = −१

पुस्तकामागचं उत्तर ५ आहे. बहुतेक घरांत इथे 'चुकलं, पुन्हा कर' एवढंच होतं आणि मूल पुन्हा तीच चूक करतं. त्याऐवजी मुलाचंच चुकीचं उत्तर, म्हणजे उणे एक, खालच्या ओळीपासून वर एकेका ओळीत घालत जा. चौथ्या ओळीत −२ × (−१) = २, जमलं. तिसऱ्या ओळीत −१ + २ = १, जमलं. दुसऱ्या ओळीत ५ + २ − ६ = १, तेही जमलं. पहिल्या ओळीत ५ − २ × (−४), म्हणजे ५ + ८ = १३. जमलं नाही. म्हणजे दुसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं काम बिनचूक आहे आणि चूक पहिल्या-दुसऱ्या ओळीच्या मध्ये, कंस सोडवताना झाली आहे. तुम्हाला बीजगणित आठवत नसलं तरी नुसत्या बेरीज-वजाबाकीनं तुम्ही चुकीवर बोट ठेवलंत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चार ओळींतलं मुलाचं बरोबर काम त्याला दिसलं. ही पद्धत एकदा दाखवा, पुढच्या वेळी त्यालाच करू द्या.

चूक कोणती, ते आता स्पष्ट आहे. उणे दोननं कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचं होतं, आणि उणे दोन गुणिले उणे तीन म्हणजे अधिक सहा. ऋण गुणिले ऋण धन होतं, हा नियम ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण याच शब्दांत सांगितला आहे. मुलाला नियम पाठ असतो, कंसाच्या बाहेरचं उण्याचं चिन्ह आत सगळ्यांना लागतं हे विसरलं जातं. उपाय साधा आहे: कंसातल्या प्रत्येक पदाकडे बाहेरच्या संख्येपासून पेन्सिलीनं बाण काढायचा, जितकी पदं तितके बाण, आणि बाणाशेजारी चिन्हासकट गुणाकार लिहायचा.

समीकरण नसेल, नुसतं सोपं रूप द्यायचं किंवा विस्तार करायचा असेल, तरी ओळी तपासता येतात. अक्षराच्या जागी एखादी छोटी संख्या घ्या आणि प्रत्येक ओळीची किंमत काढा. सगळ्या ओळींची किंमत सारखी यायला हवी, जिथे बदलली तिथे चूक. संख्या शून्य किंवा एक मात्र घेऊ नका, त्यांच्यामुळे चुका लपतात. दोन, तीन किंवा पाच घ्या. उदाहरणार्थ, (क्ष + ६)/६ मधले दोन्ही सहा काटून मूल 'क्ष' लिहितं. इथे भागाकाराच्या सोयीसाठी क्ष सहा घेतला तर मूळ किंमत १२/६, म्हणजे २, आणि मुलाच्या उत्तराची ६. मग 'बेरजेतलं पद काटता येत नाही, गुणाकारातला अवयव काटता येतो' हे सांगितलेलं डोक्यात शिरतं, आधी नाही.

सूत्रांचं तसंच आहे. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं लिहिणारी मुलं दर वर्गात असतात आणि सूत्र दहा वेळा लिहायला लावून ती चूक जात नाही. चौकटीच्या कागदावर सात घरं लांब, सात घरं रुंद असा चौरस काढा. दोन्ही बाजू तीन आणि चार अशा तोडून आडवी-उभी रेघ मारा. आत तीनचा चौरस नऊ घरांचा, चारचा सोळा घरांचा, दोन्ही मिळून पंचवीस. मोठा चौरस तर एकोणपन्नास घरांचा. उरलेली चोवीस घरं कुठे आहेत, ते मुलाला रंगवायला सांगा. तीन गुणिले चारचे दोन आयत रंगवून झाले की २अब कुठून आलं हे विचारावं लागत नाही. वर्षभरातली बाकीची वर्ग-सूत्रं अशीच कागदावर मांडता येतात, आणि अवयव पाडणं म्हणजे हाच प्रवास उलटा: घरांची संख्या दिली आहे, आयताच्या बाजू शोधा.

आलेख, चलन आणि घातांक हे भाग मुलांना तुलनेनं सोपे जातात. त्यांच्यावर घरी फार वेळ घालवायची गरज नाही. घातांकात ऋण घातांक आला की एकदा लक्ष द्या, बाकी शाळेवर सोडा.

लखनौला आहात तर आणखी एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगावी. भारतीय बीजगणिताचा इतिहास आधुनिक पद्धतीनं लिहिला गेला त्यात या शहराचा वाटा मोठा आहे. लखनौ विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी बिभूतिभूषण दत्त यांच्याबरोबर 'हिस्ट्री ऑफ हिंदू मॅथेमॅटिक्स' लिहिला. पहिला भाग १९३५ मध्ये आला, १९३८ मध्ये आलेला दुसरा भाग बीजगणिताचा आहे. त्याच विद्यापीठातल्या कृपाशंकर शुक्ल यांनी श्रीधराचं 'पाटीगणित' १९५९ मध्ये आणि नारायण पंडिताचं 'बीजगणितावतंस' १९७० मध्ये संपादित करून छापलं. आणि या इतिहासाचं एक टोक आपल्या खानदेशात आहे. ११५० च्या सुमारास 'बीजगणित' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. आपण क्ष, य लिहितो तिथे भास्कराचार्य यावत्तावत् आणि मग कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं वापरत.

त्यांचं एक उदाहरण मुलापुढे जसंच्या तसं ठेवता येतं. एकाजवळ तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर शंभर नाण्यांचं कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? मांडणी मुलाला करू द्या: ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. दोन्ही बाजूंतून ६क्ष वजा केले, दोन्ही बाजूंना १०० मिळवले, ४०० = ४क्ष, घोडा शंभर नाण्यांचा. ताळा घ्यायला विसरू देऊ नका: दोघेही नऊशेचे धनी. साडेआठशे वर्षांपूर्वीचं उदाहरण आपल्याला सुटतं हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो गुणांच्या आकड्यानं येत नाही.

शिकवणीचा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. लखनौला आठवीपासूनच जेईईच्या तयारीचे 'फाउंडेशन' वर्ग भरतात आणि शेजारची मुलं जातात म्हणून आपलंही घालावंसं वाटतं. बदलीच्या पहिल्या वर्षी तरी घालू नका, असं माझं म्हणणं आहे. शाळा, भाषा, मित्र सगळं नवं असताना तिसरा क्रम आणि तिसरं पुस्तक लादलं की ओळी नीट लिहायला वेळच उरत नाही. अडलंच तर शाळेतल्या शिक्षकांना शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं मागा, बहुतेक शिक्षक देतात. पालकसभेत, म्हणजे तिथल्या 'पीटीएम'मध्ये, गुणांची चौकशी करण्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मागा आणि एकच प्रश्न विचारा: याची चूक बहुतेक वेळा कोणत्या पायरीला होते? शिक्षकांना तो प्रश्न आवडतो आणि उत्तरही नेमकं मिळतं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर आणि एनसीईआरटीची त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, दोन्ही उतरवून ठेवा. एखादा भाग हिंदी-इंग्रजीत अडला तर तोच मराठीत वाचला की पटकन उलगडतो.

डिसेंबरअखेर, थंडीची सुट्टी लागण्याआधी, घरच्या घरी एक छोटी चाचणी घ्या. वेळ लावू नका. १०३ × ९७ हा गुणाकार न मांडता सूत्रानं करायला सांगा, ९९९१ आलं पाहिजे. क्ष² + ७क्ष + १२ चे अवयव पाडायला द्या. ३(क्ष − ४) = क्ष + ६ सोडवायला द्या, उत्तर ९. मग अपूर्णांकांचं एक: २क्ष/३ − १ = क्ष/२ + १, उत्तर १२. शेवटी शाब्दिक: मलिहाबादच्या बागवानाकडे लंगडा आंब्याची पेटी दशहरीच्या पेटीपेक्षा १२० रुपयांनी महाग आहे, दशहरीच्या तीन आणि लंगड्याच्या दोन पेट्यांना मिळून २७४० रुपये पडले, तर प्रत्येक पेटीची किंमत किती? दशहरी ५००, लंगडा ६२०.

पाचही जमली तर नववीची काळजी नाही. पहिली दोन अडली तर चौकटीच्या कागदाकडे परत जा. तिसरं अडलं तर कंस आणि बाण. शाब्दिक अडलं आणि बाकी आली, तर 'समजा'ची ओळ पूर्ण वाक्यात लिहिली होती का ते बघा, बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो. आणि फक्त चौथं अडलं, तर दोष बीजगणिताचा नाही, पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांचा आहे. जानेवारीच्या थंडीच्या सुट्टीत बीजगणित बाजूला ठेवा आणि लसावि काढून अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी रोज दहा उदाहरणं याप्रमाणे करून घ्या, फेब्रुवारीत चौथं उदाहरण पुन्हा द्या.